वाळल्यावरचा निळा

माझे वडील रंगारी होते. आता रंगारी म्हटलं की लोकांना तेलाच्या रंगाचे डबे आठवतात. त्या काळी आमच्या रत्नागिरीत घराचा रंग म्हणजे चुना. खाडीकाठच्या भट्टीत शिंपले भाजून केलेला चुना आणायचा, पिंपात भिजत घालायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा सरस घालायचा आणि हवा तो रंग कालवायचा. रंग तरी किती? निळा हवा तर नीळ, पिवळा हवा तर पिवडी, तांबडा हवा तर काव. कुंचलासुद्धा घरचाच. केवड्याची मुळी तोडून भिजवली आणि टोक दगडावर ठेचलं की तिचे तंतू मोकळे होत. तसे चार-पाच कुंचले आमच्या पडवीत कायम उलटे टांगलेले असायचे.

चुन्यातला रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसराच. पिंपात गडद दिसणारा निळा भिंतीवर वाळला की धुवट आभाळासारखा होतो. तो किती उतरेल हे ओल्यावरून ओळखणं, हीच या धंद्यातली खरी विद्या. बाबांपाशी ती होती. पिंपात काठी फिरवून ते काठीवरून ओघळणारा थेंब बघत आणि म्हणत, "आणखी अर्धी मूठ." ती अर्धी मूठ पडली की भिंत नेमकी मालकाने सांगितली तशी वाळायची. दुसरे रंगारी कौलाच्या तुकड्यावर रंग लावत, तो चुलीशी धरून वाळवत आणि मग ठरवत. बाबा त्यांना हसायचे. "भाकरीला तवा लागतो रं, रंगाला कशाला?"

मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि मला यातलं काहीही येत नव्हतं. येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. लहानपणी एकदा मी चुन्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. त्यांनी मारलं नाही. हात धुतला, खोबरेल लावलं आणि माझी बोटं उघडून आपल्या बोटांशेजारी ठेवली. त्यांच्या बोटांच्या पेरांवर चुन्याने भेगा पडलेल्या, नखं आत वळलेली.

"बग. ह्यातला कुठला हात होवा तुला?"

मी माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

"मग परत पिंपाकडं जायचं नाय."

त्या भेगांवर मी शिकलो. गावात कॉलेज निघालं होतं, म्हणून घरी जेवून शिकता आलं, नाहीतर मॅट्रिकनंतर मी मुंबईला एखाद्या पेढीवर लागलो असतो. आमच्या वाडीतला मी पहिला बी.ए. निकाल लागला त्या दिवशी आईने घरोघरी साखर वाटली. बाबा मात्र संध्याकाळपर्यंत कामावर होते. आले, हातपाय धुतले, आणि माझं गुणपत्रक दोन्ही हातांनी डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. ते वाचू शकत नव्हते, म्हणून ते तसं का धरतात याचा मी विचार केला नाही.

विचार करायला हवा होता. त्याआधीच्या मार्चमध्ये, माझी परीक्षा चालू असताना, एका घराचा माळा रंगवताना चुन्याचा गोळा त्यांच्या उजव्या डोळ्यात पडला होता. चुन्यावर पाणी पडलं की तो कसा उकळतो हे रोज बघणारा माणूस डोळ्यात पाणी कसं मारील? त्यांनी खोबरेल घातलं आणि फडकं बांधून बसले. मला आईने सांगितलं, "डोळ्यात धूळ गेली हाय, तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. पुढे हातखंब्याहून गाडी धरून, घाट चढून मी त्यांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्याच क्षणी घागरभर पाणी मारायला हवं होतं." बुबुळावर पांढरा पडदा धरला होता. तो मोतीबिंदूसारखा काढता येत नाही, असंही म्हणाले. डाव्या डोळ्यालाही इतक्या वर्षांच्या उडत्या चुन्याने तेच होत चाललं होतं, फक्त सावकाश.

येताना गाडीत बाबांनी एवढंच विचारलं, "डावा किती दिस चालंल म्हनला?"

"काही सांगितलं नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पुढच्या चैत्रअखेरची गोष्ट. मी शाळाशाळांना अर्ज पाठवून थकलो होतो आणि दोन मुलांच्या शिकवण्या करत होतो. एका दुपारी शिकवणीहून परत आलो तर बाबा परसात उन्हात उकिडवे बसलेले, आणि त्यांच्यापुढे कौलांचे तुकडे मांडलेले. प्रत्येक तुकड्यावर रंगाचा एकेक फटकारा. कौलावर रंग वाळवणाऱ्यांना जन्मभर हसलेला माणूस. मी थट्टेने म्हणालो, "बाबा, तवा घेतलात शेवटी?"

ते हसले नाहीत. दोन तुकडे उचलून म्हणाले, "बाला, ह्यातला निळा कुठला रं?"

मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. "डाव्या हातातला."

"नि ह्यो?"

"पिवळा. पिवडीचा."

त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा डोळ्यांशी नेले. उन्हात धरले, सावलीत धरले, तिरपे करून बघितले. मग खाली ठेवले. "मना दोनी सारकेच," ते म्हणाले. "पांढरे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनीच माझा दंड धरला. "कुनाला बोलू नको. आयशीलापन नको. लोक कुंचला नाय बगत, रंगाऱ्याचे डोळे बगतात. कळलं ना, की कोन दारात उभं करनार नाय."

"पण बाबा, आता काम थांबवलंत तर? मला कुठेतरी नोकरी लागेलच."

"मंग मी करू काय?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरोखरच विचारलं. मी कौलांचे तुकडे गोळा करायला लागलो.

त्याच आठवड्यात वकिलांचा निरोप आला. वकील म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्या घराला चुना बाबांचाच. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि व्याही मंडळी पुण्याहून येऊन माडीवरच्या खोलीत उतरणार होती. ती खोली रंगवायची होती, निळी की पिवळी ते मात्र ठरत नव्हतं. बाबांनी निरोप घेऊन आलेल्या गड्याला लगेच "येतो म्हनून सांग" म्हटलं. मग रात्रभर कूस बदलत राहिले, आणि सकाळी मला म्हणाले, "तू चल सोबत. कुंचला मी मारीन. तू नुसतं बगायचं."

असा मी त्यांचा डोळा झालो. मला तो मोठा मान वाटला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

वकिलांच्या जिन्यात वकीलच भेटले. "काय बुवा, आज चिरंजीव बरोबर? बी.ए. ना हा?"

"व्हय साहेब. नुसता सोबतीला आलाय. त्याच्या हाताला चुना लावू देत नाय मी."

"वा! असंच पाहिजे." वकिलांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बापाने भिंती रंगवाव्या, मुलाने कागद."

खोली पश्चिमेला होती. दोन खिडक्या, खाली माडांचे शेंडे, पलीकडे समुद्राची एक पट्टी. भांडण आधीच पेटलेलं होतं. वकिलांना निळा हवा होता आणि वकिलीणबाईंना पिवळा.

"निळ्या खोलीत माणसं आजारी दिसतात," बाई म्हणाल्या. "विहीणबाई पहिल्यांदा येणार, आणि सकाळी आरशात बघून म्हणणार, रत्नागिरीच्या पाण्याने मला कावीळ झाली!"

"कावीळ पिवळ्या खोलीत होईल. अगं, हळदीने माखलेलं घर, त्यात आणखी पिवळ्या भिंती! माणूस कुठला आणि भिंत कुठली ते कळणार नाही."

"तुम्हाला कोर्टात हरकत घेऊन घेऊन सवय लागली आहे."

"आणि तुला निकाल देऊन."

बाबा गालातल्या गालात हसत होते. असल्या भांडणांची त्यांना सवय होती. अशा वेळी भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवायचे आणि वाळले की मालकाने ठरवायचं, ही रीत. त्यांनी खिडकीशेजारी हातभर रुंदीचे दोन पट्टे मारले. रंग घरून करवंटीने मोजून, कालवून आणला होता आणि आदल्या दिवशी कौलावर वाळवून तो कसा झालाय ते मी सांगितलं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा पट्टे सुंदर वाळले होते; निळा हलका, शांत; पिवळा लोण्यासारखा. मला हायसं वाटलं.

वकील म्हणाले, "बुवा, आमचं काही जमत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तो."

बाबा भिंतीकडे गेले. पट्टे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच मारले होते. पण रंगाचे डबे मी हातात दिले होते, आणि निळा डावीकडे की उजवीकडे, एवढं सांगायला विसरलो होतो. ते एका पट्ट्यावर तळवा टेकवून म्हणाले, "खोली पश्चिमेची. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ऊन खोलीत. पिवळा ऊन परत डोळ्यात फेकतो. निळा ऊन पितो. पावन्यांना दुपारी झोप लागाया होवी तर हा निळा लावा."

त्यांचा तळवा पिवळ्या पट्ट्यावर होता.

वकिलीणबाई बघतच राहिल्या. मी पुढे झालो. "बाबा, तिथे धूळ आहे, सदऱ्याला लागेल," असं काहीतरी बोलत त्यांचा हात धरून बाजूला केला आणि शेजारच्या पट्ट्यावर नेला. बाबांनी माझी बोटं घट्ट दाबली. ते समजले.

"हा निळा," ते पुन्हा म्हणाले.

वकील हसले. "बघा, बुवासुद्धा हाताने पिवळ्याकडे आणि तोंडाने निळ्याकडे! म्हणजे बाईसाहेबांना घाबरतात आणि मला मान देतात." बाईही हसल्या. ऊन पिण्याची गोष्ट त्यांना पटली होती. निळा ठरला.

जिना उतरताना बाबांनी माझा खांदा सोडला नाही.

दोन दिवस पांढरा हात मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी निळा. पिंप माडीबाहेरच्या गच्चीवर ठेवलं होतं. बाबांचा एक नियम होता, एका खोलीचा रंग एकदाच आणि एकाच पिंपात कालवायचा. पुन्हा कालवलेला रंग पहिल्याशी कधी जुळत नाही. त्यांनी पावलांनी खोली मोजून चार भिंतींचा रंग कालवायला लावला. कालवला मी. गच्चीचं दार लोटून, अंगावरचा सदरा काढून, कोणी बघत नाही ना ते बघत. मग हात धुवून, खोबरेल लावून, सदरा घालून आत येऊन उभा राहिलो, सोबतीला आलेल्या पदवीधरासारखा.

बाबांच्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. कुंचला वरून खाली, मग आडवा, प्रत्येक फटकाऱ्याची कड आधीच्या कडेवर. मी खालून सांगायचो, "थोडं डावीकडे सुटलंय." ते न बोलता तिथे जायचे. तीन भिंती झाल्या. चौथी भिंत दारासमोरची. ती अर्धी होईतो पिंप तळाला गेलं.

त्या भिंतीला नवा गिलावा होता. जुनी पडझड दुरुस्त करून गवंड्याने ती भिंत त्याच चैत्रात केली होती. नवा गिलावा दुप्पट रंग पितो, हे बाबांना माहीत होतं, पण गिलावा नवा आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं, पण त्याने काय होतं हे माहीत नव्हतं. आम्हा दोघांत मिळून एक धड रंगारी होत नव्हता.

बाबा शिडीवरून म्हणाले, "चुना हाय ना उरलेला? नीळ हाय ना? कालव. घाई करू नको. कौलावर लाव, खाली जाऊन चुलीशी वाळव, मंग भिंतीशी धरून बग."

मी गच्चीवर गेलो. सूर्य समुद्राला टेकायला आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे येणार होते. चुना ओतला, नीळ घातली, काठी फिरवली. कौलाच्या तुकड्यावर रंग लावला. आता तो वाळवायला खाली वकिलांच्या स्वयंपाकघरात जायचं. तिथे लग्नाच्या बायका जमल्या होत्या, पापड लाटत होत्या. हाताला चुना लागलेला मी कौल घेऊन चुलीशी जाणार, त्या विचारणार, कौल कशाला? बुवांना कधी कौल लागलं नाही. आणि हे तुझ्या हाताला काय?

मी गेलो नाही.

मी दारातून ओलं कौल भिंतीकडे धरून बघितलं. भिंतीवरचा वाळलेला निळा आणि कौलावरचा ओला निळा अगदी एक दिसले. मला फार आनंद झाला. तर्कशास्त्रात मला चांगले गुण होते आणि ओल्याची तुलना वाळलेल्याशी करायची नसते, हे कळायला पदवीही लागत नाही. सगळं कळत होतं. तरीही त्या क्षणी, सूर्य बुडत असताना, ते दोन निळे एकसारखे दिसत होते आणि मला ते एकसारखे असायला हवे होते.

"वाळवून बगितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"भिंतीसारका?"

"अगदी तसाच."

त्यांनी कुंचला बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आणायला गेलो तेव्हा वकील आणि वकिलीणबाई दोघंही माडीवर उभे होते. मी दारातूनच भिंत बघितली. मधोमध उभी रेघ ओढावी तसा रंग बदलला होता. डावीकडे शांत निळा, आणि उजवीकडे राखेसारखा, मळकट पांढरा. निळा असा नव्हताच तो. खालच्या बाजूला मात्र अजून ओल होती, तिथे तेवढा निळा उरला होता. मी दारातच थांबलो.

बाबा माझ्या पुढून आत गेले. खोलीच्या मध्यावर उभे राहिले आणि हसून म्हणाले, "कसा काय वाटतो, बाई? झोप लागंल ना विहीणबाईंना?"

वकिलीणबाईंनी वकिलांकडे बघितलं. ते हसत उभेच होते. शाबासकीची वाट बघत होते. मी आयुष्यात पुष्कळ वाईट क्षण बघितले, आई गेली तो बघितला, पण त्या हसण्यासारखं काही बघितलं नाही.

"बुवा," वकिलीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो, हे काय केलंत?"

बाबांचं हसू विरलं. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

वकील जवळ आले. बुवांचा तळवा पिवळ्या पट्ट्यावर होता, ते त्यांना आठवलं असावं. कोर्टात विचारतात तशा अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बुवा, या चौथ्या भिंतीवर रंग कुठून बदललाय, तेवढं हात लावून दाखवा."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की रंग मी कालवला, मी खोटं बोललो, यांचा काही दोष नाही. पण ते सांगायचं तर मग, तू का कालवलास? बुवांना दिसत नाही का? मी सांगितलं असतं तर त्यांचे डोळे गेले असते. गप्प राहिलो तर त्यांचा हात जात होता. मी तसाच उघड्या तोंडाने उभा राहिलो.

बाबा भिंतीपाशी गेले. डाव्या कोपऱ्यात तळवा टेकवला आणि भिंतीवरून सरकवत निघाले. सावकाश, जणू भिंत गुळगुळीत झाली का ते बघतायत. एक पाऊल, दोन पावलं. भिंतीच्या मध्यावर त्यांचा हात थांबला, थोडा मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"हितून," ते म्हणाले.

नेमकं तिथूनच. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. काल संध्याकाळी लागलेला रंग आतून अजून गार होता. आधीचा दुपारच्या उन्हातच वाळलेला. त्यांनी रंग नव्हे, ओल ओळखली होती.

वकिलांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला. त्याच्या जागी राग आला. "म्हणजे तुम्हाला दिसतंय! दिसतंय आणि तरी काल असंच सोडून गेलात? बुवा, माझ्या वडिलांच्या वेळेपासून तुम्ही या घरात काम करताय. आज दुपारी माझे व्याही येणार आहेत."

"हात चुकला, साहेब."

"हात चुकला की लक्ष नव्हतं?"

"लक्ष नव्हतं," बाबा म्हणाले.

मी "साहेब" म्हणून पुढे झालो. बाबांनी मागे न बघता हात लांब करून माझं मनगट पकडलं. नेमकं मनगट, जिथे घाईत धुवायचा राहिलेला चुना होता. त्यांचा अंगठा त्या चुन्यावरून फिरला. मग त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही ओढून खाली केली.

"त्याला काय म्हाईत नाय," ते वकिलांना म्हणाले. "तो नुसता सोबतीला."

पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. वकिलांनी एक मोठी सतरंजी मागवली आणि ती त्या भिंतीवर टांगली. खिळे मी ठोकले. बाई चांगल्या, जाताना त्यांनी लाडवांचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बुवांना म्हणावं, आता विश्रांती घ्या." त्या दयेनेच म्हणाल्या. पण ते वाक्य आठ दिवसांत गावभर झालं.

घरी येताना घाटीच्या पायऱ्यांवर बाबा मध्येच बसले. मला वाटलं, दमले. त्यांनी विचारलं, "कसा दिसत होता? मना सांग. निळा होता का काय?"

मी सांगितलं. राखेसारखा, मळकट, आणि मधे सरळ रेघ.

"सरळ होती?"

"हो. अगदी ओळंब्यात."

"म्हंजे हात चुकला नव्हता," ते म्हणाले. मग म्हणाले, "वाळवलं नव्हतंस ना."

"नाही."

ते रागावतील, मारतील, काही तरी करतील अशी मी वाट बघत होतो. त्यांनी लाडवांचा पुडा चाचपला, एक लाडू काढला आणि अर्धा मोडून मला दिला. मी तो हातातच धरून बसलो.

त्या जूनमध्ये देवरूखच्या हायस्कुलातून मला बोलावणं आलं. मी रुजू झालो, दर शनिवारी गाडीने घरी येत होतो. पावसाळा संपला, दसरा आला. दसरा ते दिवाळी म्हणजे रंगाऱ्यांचा हंगाम. त्या दिवसांत बाबा आम्हाला दिवसाउजेडी दिसायचे नाहीत. त्या वर्षी ते ठेचून तयार केलेले नवे कुंचले मांडीवर घेऊन पडवीत बसलेले असायचे. वाटेने कोणाची पावलं वाजली की मान वर करायचे. पावलं पुढे गेली की पुन्हा कुंचल्याचे तंतू मोकळे करायला लागायचे. आई सांगायची, दिवसभर हेच चालतं. कोणी आलं नाही. धनत्रयोदशीपर्यंत एकही माणूस आला नाही.

त्या दिवशी मी सदरा काढला आणि परसातल्या पिंपात चुना कालवला. आमचं स्वतःचं घर त्या वर्षी तसंच राहिलं होतं. आई "अरे, अरे" करत राहिली. बाबांनी आवाज ऐकला आणि हात भिंतीला लावत लावत परसात आले. मला वाटलं, आता पिंप लाथाडतील. ते पिंपाशी बसले, चुन्यात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळून बघितलं.

"घट्ट झालाय. पानी घाल."

मी घातलं.

"कुठला रंग घेतलास?"

"निळा."

त्यांनी माझ्या हातात कुंचला दिला. सबंध दुपार मी पडवीची भिंत रंगवली आणि ते पाठीमागे बसून फटकाऱ्याचा आवाज ऐकत होते. "कोरडा लागतोय, बुडव." "तिथं सुटला बग." सुटलेलं असायचंच. मध्येच मी विचारलं, "आता कसा झालाय सांगू?"

"आता नको," ते म्हणाले. "वाळल्यावर सांग."

मी हात धुतले नाहीत. त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसून राहिलो. भिंत हळूहळू उतरत गेली, गडद होती ती फिकी झाली, वरच्या कोपऱ्यात तर जवळजवळ पांढरी. ती पुरती वाळेपर्यंत दिवेलागण झाली. मग मी त्यांना जसं होतं तसं सांगितलं.